वर्गाची संगीतवही : प्रस्तावना

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असलाच, तर तो आठवड्यातून एकदा असतो. सहामाही परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात. उरलेल्या तासांत प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्टची तयारी आणि दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची धावपळ. एवढ्यातही मुलं गातात आणि मनापासून गातात. मग घंटा होते, आणि झालेल्या गाण्याचं काहीच मागे उरत नाही. मराठीची वही असते, विज्ञानाच्या प्रयोगाची नोंद असते, चित्रकलेचा कागद निदान वर्गाच्या भिंतीवर लागतो. संगीताच्या तासाला मात्र स्मृती नाही. पुढच्या आठवड्यात शिक्षक विचारतात, "मागच्या वेळी आपण काय केलं?" चाळीस मुलांतून एखादं गाण्याची पहिली ओळ सांगतं, आणि तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

हे पुस्तक त्या हरवलेल्या स्मृतीबद्दल आहे. वर्गाने मिळून ठेवलेली एक संगीतवही, एवढाच त्याचा विषय. साधं फुलस्केप रजिस्टर घ्यावं. त्यात मुलांनी आळीपाळीने लिहावं : आज काय ऐकलं, काय गायलं, काय वाजवलं, कुठे अडलं, काय आवडलं आणि का. एकाच्या नोंदीखाली दुसऱ्याने उत्तर द्यावं, तिसऱ्याने हरकत घ्यावी. शिक्षकांनी मधे एखादा प्रश्न लिहून ठेवावा. जोडीला शिक्षकांच्या फोनवर मुलांच्याच गाण्या-वाजवण्याची काही मिनिटांची ध्वनिमुद्रणं असावीत, आणि कोणत्या तारखेचं काय हे वहीत टिपलेलं असावं. माझं म्हणणं असं आहे की, ऐकलेलं आपल्या शब्दांत मांडल्याशिवाय आणि तेच गाणं शेजारच्याने कसं ऐकलं हे कळल्याशिवाय मुलाचं ऐकणं वाढत नाही. गळा कदाचित तयार होईल, कान होणार नाही. आणि शाळेतून बाहेर पडणाऱ्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांना आयुष्यभर पुरणार आहे तो कानच.

आपल्याकडे संगीताचं लिहिण्याशी असलेलं नातं कधीच सरळ नव्हतं. घराण्यातल्या गुरूंनी बंदिशी जपल्या, तशा राखूनही ठेवल्या. चीज लिहून घेऊ न देणं हा शिकवण्याच्या रीतीचाच भाग होता आणि त्यामागे अर्थही होता : कागदावर उतरलेला स्वर गळ्यात उतरतोच असं नाही. तरीही गाणं चार भिंतींबाहेर यायचं तर ते लिहावं लागणार, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काहीजणांनी ओळखलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा चालवायला घेतली आणि स्वतःची स्वरलेखनाची पद्धत वापरली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. कोणा संस्थानिकाच्या दरबारावर न विसंबता लोकांच्या आधाराने चालणारी, वर्ग, वेळापत्रक आणि क्रमिक पुस्तकं असलेली ही संस्था होती. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडच्या चिजा मिळवल्या, लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून सगळ्यांच्या हाती दिल्या.

दोघांच्या खुणा मात्र जुळत नाहीत. भातखंड्यांच्या लेखनात स्वराच्या डोक्यावर टिंब आलं तर तो तार सप्तकातला. पलुस्करांच्या लेखनात तेच टिंब डोक्यावर आलं तर स्वर मंद्रातला. एकाकडे समेला फुली, दुसऱ्याकडे समेला 1 आणि फुली खालीला. सातवीतल्या मुलाला हे दाखवलं की ते पहिल्यांदा गोंधळतं आणि मग त्याच्या लक्षात येतं की खुणा माणसांनी ठरवलेल्या आहेत, म्हणजे आपणही ठरवू शकतो. वर्गाने स्वतःची चिन्हं बनवण्याबद्दल या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, ते या जाणिवेतून आलं.

पलुस्करांच्या निधनाच्याच वर्षी, 1931 मध्ये, त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत रुळले ते या मंडळामुळे. संगीत शिकणं मुलींसाठीही प्रतिष्ठेचं झालं, यात या परीक्षांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण परीक्षेबरोबर परीक्षेची वही आली. 'राग भूप, थाट कल्याण, वर्ज्य म नि, वादी ग, संवादी ध, वेळ रात्रीचा पहिला प्रहर' हे मूल सुवाच्य अक्षरात उतरवतं, पाठ करतं आणि लेखीत बरोबर लिहितं. भूप वाजू लागला तर ओळखेलच असं नाही. शाळांमध्ये संगीताची वही असते तिथे ती बहुधा अशीच असते. फळ्यावरून उतरवलेली, चाळीस मुलांच्या हाती चाळीस सारख्या वह्या.

गंमत अशी की भातखंड्यांनी आपलं सगळ्यात मोठं काम असं लिहिलं नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, आणि ते गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहेत. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतात, कधी विषयाबाहेर जातात आणि पुन्हा वळून येतात. रागांचा शास्त्रार्थ ज्यांनी सूत्रबद्ध केला, त्यांनाही तो प्रश्नोत्तरांतूनच मांडावासा वाटला. आपण त्यांच्या व्याख्या घेतल्या आणि संवाद सोडून दिला. वर्गाची संगीतवही त्या सुटलेल्या टोकाला धरू पाहते.

संवाद म्हणजे काय, हे भूपाच्याच उदाहरणाने सांगतो. भूप आणि देसकार या दोन रागांत तेच पाच स्वर आहेत : सा रे ग प ध. आठवीच्या वर्गाला दोन्ही रागांतल्या दोन-दोन मिनिटांच्या आलापी नाव न सांगता ऐकवाव्यात. प्रश्न एकच : "दोन्हींत काय वेगळं आहे?" पहिल्या वेळी बहुतेक मुलं लिहितात, "काही वेगळं नाही" किंवा "दोन्ही छान". पुढच्या आठवड्यात तीच मुद्रणं पुन्हा लावावीत आणि आधीच्या नोंदी मोठ्याने वाचाव्यात. कोणीतरी लिहितं की पहिलं खाली खाली रेंगाळतं. कोणी लिहितं की दुसऱ्यात गाणारा सारखा वर जाऊन थांबतो. कोणाला पहिलं शांत वाटतं तर कोणाला दुसरं उजळ. या नोंदी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या की वर्गाने भूपाचा गंधार आणि देसकाराचा धैवत जवळजवळ शोधलेला असतो. मग 'वादी', म्हणजे रागातला मुख्य स्वर, हा शब्द सांगायचा. आता तो शब्द त्यांच्या ऐकण्याला मिळालेलं नाव असतो. पाठांतराची ओळ राहत नाही. दोन तास गेले, हे खरं. पण एरवी वर्षभरात जे होत नाही ते या दोन तासांत होतं.

'छान' या शब्दाच्या पलीकडे जाणं हेच वहीतलं पहिलं मोठं काम. मुलांना शब्द कमी पडतात म्हणून ती 'छान' लिहितात असं नाही. त्यांना तसा प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. "कसं वाटलं?" या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर येणार. "कुठे बदललं?", "कोणतं वाद्य आधी थांबलं?", "श्वास कुठे घेतला?", "तुला गुणगुणताना कुठला भाग आठवतो आणि कुठला निसटतो?" असे प्रश्न कानाला कामाला लावतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, केरवाही आठांचा; मग दोन्हींचं चालणं वेगळं का? विदर्भातल्या भजनी मंडळाच्या गावातलं मूल या प्रश्नावर अर्धं पान लिहील. ज्याने कधी टाळ हातात धरला आहे त्याला उत्तर अंगानेच माहीत असतं.

अंगाने माहीत असलेल्या गोष्टींचा विचार आपल्या संगीतशिक्षणात फार कमी होतो. महाराष्ट्रातल्या शाळांत लेझीम आहे. चार-चार आकड्यांच्या हालचाली, ढोल किंवा हलगीचा ठोका, खाली वाकून पुन्हा वर येताना झांजांचा एकत्र आवाज. लय म्हणजे काय, दुप्पट म्हणजे काय, सम चुकली की काय होतं, हे शेकडो मुलं पटांगणावर रोज करतात. पण ते खेळाच्या तासात मोडतं, म्हणून संगीताच्या तासाला त्याची गाठ पडत नाही. वहीत लेझमीचा एक प्रकार आकड्यांनी आणि चिन्हांनी उतरवायला सांगावा. मुलांना पटकन कळतं की लिहिणं अवघड आहे. मग भातखंड्यांनी काय केलं होतं याचा त्यांना अंदाज येतो.

गणपतीच्या दिवसांतला एक उपक्रम मला विशेष आवडतो. वर्गाने एखादी आरती सलग म्हणायची आणि ती ध्वनिमुद्रित करायची. नंतर पहिलं कडवं लावून पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडल्या ते मोजायचं, चारने गुणायचं. तसंच शेवटच्या कडव्याचं. आरती जवळपास नेहमी पुढे पुढे जलद होत जाते. मुलांना ते म्हणताना जाणवत नाही, ऐकताना लगेच जाणवतं. मग वहीत वाद सुरू होतो : टाळ वाजवणाऱ्यांनी घाई केली, की शेवट जवळ आला म्हणून सगळेच धावले, की ते तसंच असायला हवं? शेवटच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि शिक्षकांनी ते देण्याची घाई करू नये. लय वाढल्याने उत्साह येतो हे खरं, आणि बंदिशीत तसं झालं तर तबलजी नाराज होतो हेही खरं. दोन्ही ठिकाणी संगीत वेगळं काम करतं.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वहीचा अर्धा जीव त्यात आहे. ऐकून शिकण्याला आपल्या परंपरेत कमीपणा नाही. गदगमध्ये लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या गायकांचं ऐकायला हवंच. पण मुलाने स्वतःला ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्यांदा ऐकताना मुलं लाजतात, हसतात, "हा माझा आवाज नाही" म्हणतात. त्याला कारण आहे. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत येतो, आणि हाडांतून खालचे स्वर अधिक येतात. मुद्रणात तो भाग नसतो, म्हणून आपलाच आवाज पातळ आणि परका वाटतो. हे एकदा समजावून सांगितलं की लाज बरीचशी ओसरते, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मूल स्वतःचा आवाज कामासाठी ऐकू लागतं : इथे मी खाली घसरलो, इथे शब्द खाल्ला, इथे बरोबर लागला.

मुद्रण शिक्षकांनाही काही दाखवतं. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने काळी एक-दोनच्या आसपास पट्टी लावतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा आवाज मोकळा होतो तो काळी चार-पाचला. मग मुलं खालच्या स्वरांत घोगरतात, वरचं सप्तक धरलं तर किंचाळतात, आणि आपण म्हणतो की हा वर्ग बेसूर आहे. पेटीच्या आवाजाखाली हे झाकलं जातं. फोनवर ऐकताना झाकलं जात नाही. पट्टी चार सुरांनी वर नेली की अर्धा वर्ग सुरात येतो, असा अनुभव अनेक शिक्षकांना आलेला आहे.

याहून नाजूक विषय मुलग्यांचा आहे. सातवी-आठवीत स्वरयंत्र वाढतं, आवाज फुटतो आणि पुढे साधारण सप्तकभर खाली उतरतो. या दोन वर्षांत मुलगा गाताना दोन आवाजांमध्ये अडकतो. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात त्याला "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. गाणं नीट व्हावं एवढंच त्याला हवं असतं. पण त्या वाक्यानंतर कित्येक पुरुष आयुष्यात पुन्हा गायले नाहीत. मला ही शाळेतल्या संगीताची सगळ्यात मोठी हानी वाटते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. वहीसाठी प्रत्येक मुलाचा आवाज वर्षातून दोनदा, तीच चार वाक्यं गाऊन, मुद्रित करून ठेवला, तर आठवीतला मुलगा पाचवीतला स्वतःचा आवाज ऐकू शकतो. आवाज बिघडलेला नाही, बदलतो आहे, हे त्याला स्वतःच्याच कानांनी कळतं. त्याला मधल्या काळात खालच्या पट्टीतली ओळ द्यावी, तालवाद्य द्यावं, पण गप्प बसवू नये.

वहीची दुसरी वाट घराकडे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता आणि काही ऐकताही येतात. या ओव्या गाणाऱ्या बायकांची नातवंडं आज शाळेत आहेत. आजीला जात्यावरचं, भोंडल्याचं, फुगडीचं, बारशाचं एक गाणं म्हणायला सांगून ते मुद्रित करून आणणं, आणि "हे गाणं कधी म्हणायचे, कोण म्हणायचं, आता का म्हणत नाही?" हे तिला विचारून वहीत लिहिणं, यात इतिहास, भाषा आणि संगीत एकत्र येतात. गोव्यातल्या शाळेत ही नोंद घुमट या तालवाद्याची असेल. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते थांबलं आणि बकरीचं कातडं आलं. 2019 मध्ये घुमटाला गोव्याचं वारसावाद्य म्हणून मान्यता मिळाली. कातडं बदलल्याने नाद बदलला का, हे जुन्या वाजवणाऱ्याला विचारायला मुलांना पाठवावं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांमधून चालतात. तिथे एका इमारतीतल्या मराठी आणि तमिळ वर्गांनी एकमेकांची अंगाईगीतं ऐकून एकमेकांच्या वहीत लिहिलं, तर याहून चांगला तास मला सुचत नाही.

इथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. वासुदेव, गोंधळी, पोतराज यांच्या घरांतलं मूल वर्गात असेल, तर "तुझ्या घरचं गाणं म्हणून दाखव" असं चारचौघांत म्हणू नये. त्या गाण्यामागे जात आहे, काही ठिकाणी दारोदार मागण्याची आठवण आहे. मुलाने स्वतःहून आणलं तर आनंदाने आणि बरोबरीच्या मानाने ऐकावं. नाही आणलं तर विचारू नये. डॉ. अशोक रानडे यांनी आपल्याकडच्या संगीताचा विचार कोटींनी केला : आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि या सगळ्यांचा संगम. या कोटी वेगळ्या आहेत, एक वर आणि एक खाली अशा नाहीत. वर्गाच्या वहीतही सगळ्यांना सारखं पान मिळावं, सिनेमाच्या आणि डीजेच्या गाण्यालाही. मुलं जे रोज ऐकतात त्याबद्दल त्यांना लिहू दिलं नाही, तर वही शाळेची होईल, त्यांची होणार नाही.

मुलांच्या आवाजाची मुद्रणं वर्गाबाहेर जाऊ नयेत, याबद्दल मी आग्रही आहे. पालकांना आधी लेखी विचारावं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायद्यापेक्षा मोठं कारण हे आहे की, अडखळत गायलेलं गाणं कोणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवर गेलं की ते मूल पुन्हा मोकळं गाणार नाही. वही ही चुकायची जागा आहे.

म्हणूनच वहीला गुण देऊ नयेत. महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनात कला विषयासाठी वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, आणि 'गीत तालासुरात गातो', 'संगीताची आवड आहे' अशी तयार वाक्यं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरतात. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मुलाने स्वतः जूनमध्ये लिहिलेली नोंद आणि फेब्रुवारीत लिहिलेली नोंद शेजारी ठेवली, तर त्याच्या प्रगतीबद्दल जे कळतं ते कोणत्याही तयार वाक्यातून कळत नाही.

आता शिक्षकांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभरहून अधिक मुलांच्या शाळांसाठी कलेचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. प्रत्यक्षात असंख्य शाळांमध्ये संगीताचं माणूसच नाही. तिथे गाता न येणाऱ्या वर्गशिक्षिकेने काय करायचं? माझं उत्तर असं की, तिने वही सुरू करावी. वहीसाठी उत्तम गळा लागत नाही. मुलांबरोबर बसून लक्षपूर्वक ऐकण्याची तयारी लागते. तरीही हे निक्षून सांगतो की, वही ही संगीतशिक्षकाला पर्याय नाही. पदं भरली जायलाच हवीत. जी मुलं वहीत नेमके प्रश्न विचारू लागतील, त्यांना उत्तर देणारं, स्वर लावून दाखवणारं माणूस शाळेत असणं हा त्यांचा हक्क आहे.

पुस्तकाचा क्रम इयत्तांप्रमाणे नाही. ज्यांच्याकडे पेटी-तबला आहे आणि स्वरज्ञान आहे त्यांनी स्वरलेखनाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी पहिलं प्रकरण आहे. त्यात कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांनी 1960 च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी सुचवलेला एक साधा अभ्यास आपल्या शाळांसाठी घेतला आहे : दोन मिनिटं गप्प बसून ऐकू येणारा प्रत्येक आवाज लिहायचा. जवळचे वेगळे, लांबचे वेगळे. सतत चालणारे वेगळे, एकदाच झालेले वेगळे. मग त्यातले चार निवडून तोंडाने, बाकावर, पट्टीने काढायचे आणि त्यांचा क्रम लावायचा. त्याला वाद्य लागत नाही, फोनही लागत नाही. एका तासात होतो आणि पहिली चार पानं भरतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाचा आवाज पत्र्यावर असताना तो केला तर अधिक चांगलं. पण ऑक्टोबर असेल तरी थांबू नये.